लोखंडाची लव

“आईंचं डोकं दुखलं की पहिलं नाव माझ्या स्टोव्हचं! रविवारी दिवसभर तोच स्टोव्ह जळत राह्यते, तेव्हा नाही दुखत. सोमवार उजाडला की झालं सुरू...”

हे पुटपुटणं चहाच्या पातेल्याला उद्देशून होतं. पण स्वयंपाकघराची जाळी नेमकी भैय्याजींच्या कानाशी होती, आणि भैय्याजींचा कान तार ऑफिसात तीस वर्षं कट्ट-कड-कट्ट ऐकून फारच तयार झालेला होता.

“काय म्हणून राहिली सून?” बाकावर शेजारीच बसलेल्या सिंधूताईंनी हळूच विचारलं.

“काही नाही, वहिनी. सासू-सुनेचं. घरोघरी तेच.”

“घरोघरी तेच असतं,” सिंधूताई म्हणाल्या, “पण त्याला रविवारची सुटी नसते.”

भैय्याजींना यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना वेळच्या वेळी विशेष असं सहसा काही वाटत नसे. सगळं संपल्यावर मात्र, “मला तेव्हाच शंका आली होती,” असं ते प्रामाणिकपणे म्हणत.

ही गोष्ट पेट्रोल महागलं त्यानंतरच्या एका उन्हाळ्याच्या तोंडची. तेव्हा छावणीतल्या रस्त्यांवर दुपारी कडुनिंबाच्या पानांचा आवाज ऐकू येई, आणि एखादी मोटार गेली तर ती कुणाची हे लोक घरात बसून ओळखत. महाल भागातल्या सिंधूताईंच्या दारावर ‘खाजगी चौकशी विश्वासाने करून मिळेल’ अशी पत्र्याची पाटी होती. नवरा पोलिसात लेखनिक होता. रोज रात्री जेवताना तो दिवसभराची प्रकरणं सांगे आणि ताई भाकरी थापता थापता चोर कोण ते सांगत. तो गेल्यावर त्यांनी हाच धंदा केला. बहुतेक कामं लग्नाच्या चौकशांची. मुलगा पितो का, मुलीला फिट येतात का, हेच. भैय्याजी त्यांचे धाकटे दीर. स्कूटर त्यांची, डोकं वहिनींचं, आणि श्रेय अर्धं अर्धं.

आज बोलावलं होतं मारोतरावांनी. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान. त्यांच्या लग्नाच्या वेळी मुलीकडची चौकशी सिंधूताईंनीच केली होती. ती मुलगी, म्हणजे पुष्पा, आता चहाचे कप घेऊन बाहेर आली. ती शाळेत शिकवायची. आज खास रजा टाकली होती.

“गोष्ट सरळ आहे, ताई,” मारोतराव म्हणाले. “चोर कोण ते मला माहीत आहे. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. संध्याकाळी मी चौकीवर जाऊन नाव देणार.”

“कुणाचं?”

मारोतरावांनी मान उडवली. अंगणापलीकडे मोटारीच्या खोलीच्या दाराशी एक उंच, पिकल्या केसांचा माणूस खाली मान घालून उभा होता. खाकी शर्ट, कडक इस्त्री.

“नत्थूजी. आमचा ड्रायव्हर. दादा सावनेरजवळच्या खाणीवर मॅनेजर होते, तेव्हापासूनचा. रोज त्यांना न्यायचा, आणायचा. आता दादा घरीच असतात, म्हणून हा फक्त रविवारी सकाळी येतो, गाडी पुसतो आणि जातो. गाडी दिवाळीनंतर बाहेर काढलेलीच नाही. मी म्हटलं, विकून टाकू. शेजारचे ताराचंदजी घ्यायला तयार आहेत. विकायच्या आधी ऑइल बदलून दे म्हटलं, म्हणून रविवार नसूनही काल सकाळी नत्थूजी आला. आणि मग हे निघालं.”

त्यांनी एक पांढरं फडकं उलगडलं. आत गाडीच्या ऑइल चेंबरचा नट होता. गाडीखाली असतो, काढला की जुनं ऑइल गळून जातं, तो. पण याच्या पोटात एक लोहचुंबकाचा तुकडा बसवलेला होता आणि चुंबकावर करडी, मऊ, मांजराच्या कानावर असते तशी लव उभी होती.

“ही लोखंडाची आहे?” भैय्याजींनी बोट लावलं. बोट काळं झालं.

“इंजिन चाललं की झिजते, ती झीज. हे चुंबक खाणीच्या वर्कशॉपमधलं फॅड. तिथल्या मशिनींना असे नट असत. दादांनी नत्थूजीकडून आमच्या गाडीलाही बसवून घेतला. दर दसऱ्याला ऑइल बदलायचं, नट फडक्यावर घेऊन दादांना दाखवायचा, दादांनी पाहून मान हलवली की पुसून परत लावायचा. आमच्याकडे सोनं लुटायच्या आधी हे.” मारोतराव क्षणभर हसले. मग त्यांना आठवलं की आपण रागावलेले आहोत. “गेल्या दसऱ्याला स्वच्छ पुसून लावलेला नट हा. दिवाळीत गाडी चार ठिकाणी गेली, मी टाकी भरून आणली आणि गाडी आत ठेवली. मग ही एवढी लव कुठून आली? टाकीत काडी घालून पाहिली तर पेट्रोल तळाला!”

“मीटर?”

“दिवाळीला होतं तिथंच. वायर काढून ठेवली असेल. माझ्या गाडीची टॅक्सी केली त्यानं.”

“नट तुम्हाला कुणी दाखवला?”

मारोतराव थोडे अडखळले. “मला नाही. सवयीनं दादांना दाखवत होता. मी मागून पाहिला.”

“चोरानं चोरी फडक्यावर घेऊन मालकाच्या बापाला दाखवली म्हणता?”

“दादांना...” मारोतराव थांबले. “दादांची आजकाल झोप नीट होत नाही. लक्ष नसतं त्यांचं. ते नत्थूजीला माहीत आहे.”

“दादांचा चष्मा बदलायचा आहे,” पुष्पा घाईनं म्हणाली.

दोघांनी एकदमच चहाचे कप उचलले. सिंधूताईंनी आपला कप खाली ठेवला.

“एक सांगा. पोलिसात नाव गेलं तर याचं काय होईल?”

“सीताबर्डीवरच्या एका डॉक्टरांकडं नोकरी लागते आहे त्याला. डॉक्टर माझ्या शब्दासाठी थांबले आहेत.” मारोतराव भिंतीकडे पाहत म्हणाले. “मी काय खोटं सांगू?”

मोटारीची खोली म्हणजे घराला चिकटलेली एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला दोन मोठी लाकडी दारं, आणि घरातून यायला मागे एक छोटं दार. काळी अ‍ॅम्बेसेडर तोंड रस्त्याकडे आणि पाठ भिंतीकडे करून उभी होती.

“भैय्याजी, मीटरची वायर पाहा बरं.”

भैय्याजी डाव्या बाजूनं शिरले आणि पुढच्या चाकाशी वाकले. तोंडाला काहीतरी चिकटलं. चाकापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं भलंमोठं जाळं होतं, धुळीनं जाड झालेलं, चार वाळक्या माशांसकट. ते आता भैय्याजींच्या मिशीला होतं.

“शी! नत्थूजी, हे काय गा? गाडी पुसतो म्हणतो!”

“उजवीकडून पुसतो जी. तिकडं जागा नाही. ऑइल बी उजवीकडूनच शिरून काढलं.”

वायर मात्र जागच्या जागी होती. तिच्या जोडावरचा जुना तेलकट मळ कुणी कित्येक वर्षांत हलवलेला दिसत नव्हता. भैय्याजी मिशी पुसत गाडीच्या मागच्या बाजूनं वळले. तिथली जागा इतकी अरुंद, की त्यांची बाही भिंतीला घासली. चुन्याच्या भिंतीवर खालच्या अंगाला परातीएवढा काळा डाग होता. पांढऱ्या बाहीवर त्याचा ठसा उमटला.

“आज माझं काही खरं नाही,” भैय्याजी म्हणाले.

“आता आत बसा आणि सुरू करून पाहा. नवं ऑइल टाकलं ना, नत्थूजी?”

“कालच टाकलं, ताई.”

भैय्याजींना मोटारीत बसायची फार हौस. त्यांनी ऐटीत दार उघडून अंग आत टाकलं आणि “आई गं!” म्हणून ओरडले. दोन्ही गुडघे स्टिअरिंगखाली आपटले होते. सीट पार पुढे सरकवलेली. शेजारीच एक जुनी खाकी टोपी पडली होती. दुखणं विसरायला त्यांनी ती डोक्यावर चढवली आणि किल्ली लावून सेल्फ मारला. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं.

“वा! काय गाडी आहे!” ते ओरडले. “इतके महिने उभी, पण एका सेल्फमध्ये!”

“हो ना,” सिंधूताई म्हणाल्या. “बंद करा. आणि ही टोपी कुणाची?”

“माझी जुनी आहे,” नत्थूजी म्हणाला. “दिवाळीपासून सापडत नव्हती.” टोपीकडे त्यानं एकदाच पाहिलं, मग सीटकडे, आणि मग जमिनीकडे.

“नत्थूजी, गाडी तुम्ही चालवली?”

“नाही.”

“पेट्रोल काढलं?”

“नाही.”

“मग कोणी?”

“मी चालवली नाही, ताई. एवढंच सांगतो. याच्यावर मले काही विचारू नका.”

“अहो, नोकरी जाईल तुमची! आणि नाव जाईल ते वेगळं.”

नत्थूजीनं शर्टाची कॉलर सरळ केली. “इंदोऱ्यात आमच्या वस्तीत मोटार चालवणारा पहिला माणूस मी. साहेबांनीच शिकवलं. खाणीवर लोक म्हणत, याच्या हातचं पाणी नाही चालत, याच्या हातात गाडी कशी देता? साहेब म्हणत, मी पाणी नाही पीत, मी मागं बसून पेपर वाचतो. पंधरा वर्षं वाचला पेपर.” तो थांबला. “नाव गेलं तं जाऊ द्या.”

“मला तर वाटतं, यानंच केलं,” भैय्याजी बाहेर येऊन कुजबुजले. “निरपराध माणूस असा गप्प बसत नाही.”

“कुणासाठी तरी गप्प बसणारा बसतो.”

ताराचंदजी आपल्या आवारात खाट टाकून पडले होते. भिंतीवरून हाक दिल्यावर बनियन खाली ओढत आले.

“आवो ताई, गाडी तं मी घेऊनच राहिलो. पण एक गोष्ट समजत नाही. रोज दुपारी डोळा लागला, का याइच्या गाडीचा हॉर्न! उठून पाहतो तं मोठी दारं बंद, रस्त्यावर धूळ नाही, काही नाही. घरातल्या घरात हॉर्न! म्या एकदा साहेबाले विचारलं, तं म्हणे, फाटकवाल्याले दिला.”

“गाडी निघताना पाहिली कधी?”

“कधीच नाही! निघाली असती तं मी पाहिली नसती का? माझा तिच्यावर डोळा आहे.” ताराचंदजींनी आवाज उतरवला. “साहेब आजकाल जरा... विचारात राह्यतात. मोठा माणूस आहे, विचार करणारच.”

“रोज म्हणता. रविवारी पण?”

ताराचंदजींनी डोकं खाजवलं. “नाही बा. रविवारी झोप मस्त होते.”

गोपाळराव, म्हणजे मारोतरावांचे दादा, मागच्या पडवीत आरामखुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, बटणं बंद केलेला कोट आणि शेजारी चकचकीत पॉलिश केलेले बूट. घरात बसणाऱ्या माणसाचे बूट इतके चकचकीत असावेत याचं भैय्याजींना कौतुक वाटलं.

“या, या,” गोपाळराव उठून म्हणाले. “आपण ऑफिसातून आलात का?”

“चौकशीसाठी आले,” सिंधूताई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. त्यांनी फडकं उलगडून पुढे धरलं. “साहेब, जरा हा नट पाहता?”

गोपाळरावांचा चेहराच बदलला. त्यांनी चिमटीत थोडी लव घेतली, अंगठ्यावर चोळली, उजेडाकडे धरली.

“बारीक आहे. खडा एकही नाही, तांबूस चकाकी नाही. म्हणजे बेरिंग शाबूत आहे.” त्यांनी बोट पुन्हा चोळलं. “हे थंड्या इंजिनाचं घासणं आहे. चालवतात, पण तापू देत नाहीत बिचारीला.”

“दादा, तुमचं दूध घ्या,” पुष्पा मधेच म्हणाली.

“साहेब, काल गेला होतात का खाणीवर?” सिंधूताईंनी शांतपणे विचारलं.

“म्हणजे काय! पाटणसावंगीच्या फाटकाशी त्या छोट्या रेल्वेनं फार वेळ थांबवलं. मी म्हटलं, नत्थू, हॉर्न दे. दिला त्यानं.” गोपाळरावांनी भुवया उंचावल्या. “चांगला माणूस आहे. पण आजकाल बोलत नाही. नुसता ऐकतो.”

“दादांची थट्टा असते,” मारोतराव म्हणाले, आणि कुणीच हसलं नाही.

भैय्याजींनी वहिनींना जवळजवळ ओढतच बाजूला नेलं. “सापडला! कालच नेलं त्यानं साहेबांना पाटणसावंगीला! स्वतः साहेब सांगून राहिले!”

“तुमच्या मिशीला काय लागलं आहे, भैय्याजी?”

“जाळं.”

“मग जरा थांबा.”

मारोतरावांच्या आई, कौसल्याबाई, झोपाळ्यावर बसून संत्रं सोलत होत्या. गोपाळरावांसाठी, एकेक फोड बी काढून. बाई इतक्या ठेंगण्या, की झोपाळ्यावरून त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. कपाळावर सुंठेचा लेप वाळून पांढरा झाला होता.

“डोकं फार दुखतं का हो?”

“उन्हाचं असंन.”

“आणि साहेबांचं?”

“त्यांचं नाही दुखत. पण दुपारून असे झोपतात, का चहाले दहादा हलवावं लागते. चेहरा लालबुंद होते.” त्यांनी फोड बशीत ठेवली. “सिंधूताई, नत्थूले काही करू नका वं. त्यानं नाही केलं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मले काय समजते गाडीतलं,” बाई म्हणाल्या आणि पुढची फोड सोलू लागल्या.

सिंधूताई झटकन उठल्या. भैय्याजींनी त्यांना इतक्या घाईनं उठताना क्वचितच पाहिलं होतं. “सगळ्यांना मोटारीच्या खोलीत बोलवा. आणि ती मोठी दारं आधी सताड उघडा.”

दारं उघडी, ऊन आत. मारोतराव, पुष्पा, नत्थूजी आणि सर्वांत मागे कौसल्याबाई. गोपाळराव पडवीतच होते.

“पुरावा कुठं आहे, ताई?” मारोतराव म्हणाले.

“सगळा भैय्याजींच्या अंगावर आहे.”

सगळ्यांनी भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजींनीही स्वतःकडे पाहिलं.

“मिशीपासून सुरू करू. चाकापासून भिंतीपर्यंत महिनोन्महिन्यांचं जाळं होतं. गाडी वीतभर जरी सरकली असती, तरी ते तुटलं असतं. म्हणजे मीटर खरं बोलतं. गाडी कुठंही गेली नाही. टॅक्सी नाही, काही नाही.”

“मग पेट्रोल त्यानं नळीनं काढून विकलं!”

“मग नटावर लव कशी? पेट्रोल विकल्यानं इंजिन झिजत नाही. शिवाय दिवाळीपासून उभ्या गाडीची बॅटरी मेलेली असायला हवी होती. भैय्याजींनी हात लावला आणि एका सेल्फमध्ये लागली. वा म्हणाले ते. मला मात्र भीती वाटली.” सिंधूताईंनी भैय्याजींचा हात धरून बाही वर केली. “हा काळा डाग पाहा. तिकडं भिंतीवर बरोबर सायलेन्सरसमोर याचा बाप आहे. जाळं म्हणतं, गाडी हलली नाही. लव आणि काजळी म्हणतात, इंजिन चाललं. दोन्ही खरं. गाडी जागच्या जागी चालली, रोज, थोडी थोडी. इंजिन तापायच्या आत बंद. हे इथं एकाच माणसानं ओळखलं होतं, लव बोटावर घेऊन सांगितलंही होतं. तुम्ही त्यांना दूध दिलंत.”

पुष्पानं पदर तोंडाला लावला.

“पण कोण उभी गाडी चालवेल? आणि काहून?” मारोतराव म्हणाले. रागाची जागा आता वेगळ्याच कशानं घेतली होती.

“भैय्याजींचे गुडघे विचारा. सीट पार पुढं आहे. नत्थूजी उंच, तुम्ही उंच, पुष्पाबाई उंच, ताराचंदजींचं तर पोटच मावायचं नाही. जो बसतो त्याचे पाय आखूड आहेत. आणि बसताना तो नत्थूजीची टोपी घालतो. भैय्याजी, टोपी काढा.”

भैय्याजींनी टोपी काढली. इतका वेळ ती डोक्यावरच आहे हे ते विसरले होते. कपाळावर आडवा पांढरा पट्टा उमटला होता. त्यांनी बोट लावून हुंगलं.

“सुंठ!” ते म्हणाले. आणि वाक्य पुरं होण्याआधीच त्यांना समजलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच वेळच्या वेळी समजलं, आणि समजलं नसतं तर बरं, असं वाटलं.

कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

“सोमवार ते शनिवार, दुपारी,” सिंधूताई हळू आवाजात म्हणाल्या. “मारोतराव दुकानात, पुष्पाबाई शाळेत. रविवारी सगळे घरी, म्हणून खाण बंद, म्हणून हॉर्न नाही, म्हणून डोकं नाही दुखत. पुष्पाबाई, तुमच्या स्टोव्हचा काही दोष नव्हता. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून ही दारं लावलेली असत. कौसल्याबाई, मी आज कुणाची चोरी पकडायला उभी नाही. बंद खोलीत गाडीचा धूर कोंडला, तर माणूस झोपतो आणि उठत नाही. साहेब दहा हाकांनी उठतात. एखाद्या दिवशी अकराव्या हाकेलाही उठले नसते. आणि हाक मारायला तुम्हीही नसता.”

मारोतरावांनी गाडीच्या टपाला धरलं. “नत्थूजी... तुला माहीत होतं?”

“काल सीट पाहून समजलं. टोपीचं आज.”

“मग बोलला काहून नाहीस गा?”

“काय बोललो असतो, मारोतराव?” नत्थूजीचा आवाज पहिल्यांदाच चढला. “दारं बंद करतात हे मले ठाऊक नव्हतं, नाहीतर पाय धरून बोललो असतो. बाकी काय बोलू? बाई इथं काहून बसतात ते सांगाचं, तं साहेबाइचं काय झालं ते सांगा लागते. तुमच्या घरात ते कोणीच बोलत नाही. मी आधी काहून बोलू?”

बाहेर सायकलवरून आइसकांडीवाला घंटी वाजवत गेला. कौसल्याबाई पुढे आल्या. त्यांनी भैय्याजींच्या हातातली टोपी घेतली आणि आतला पांढरा डाग पदरानं पुसू लागल्या.

“दिवाळी झाली, अन् एक दिवस बूट घालून निघाले. म्हणे, खाणीवर जातो, नत्थू आला नाही. मी अडवलं तं ढकललं मले. जन्मात बोट नाही लावलं त्यांनी. पार छिंदवाड्याच्या रस्त्याले लागले होते, मी अनवाणी धावत जाऊन आणले. दुसऱ्या दिवशी तेच. मंग मी म्हटलं, बसा गाडीत. मागं बसले तसे शांत. पण म्हणे, चालू काहून नाही करत? नत्थू करे ते पाहत आली होती इतकी वर्षं. खटका दाबला, तं झाली चालू.” त्या थोड्याशा हसल्या. “मी बोलत नाही, बोलली तं आवाज ओळखतीन. ते सांगतात, आता कोराडी आली, आता फाटक. संत्र्याची एक फोड पुढं देतात. पाव घंट्यात सावनेर येते. मंग बंद करतो.”

“आई, मला सांगायचं ना!”

“अन् बोलतात तरी किती! घरात चाळीस वर्षं मीठ मागाच्या पलीकडं बोलले नाहीत. तिथं म्हणतात, नत्थू, तुले सांगतो, खाणीत खाली उतराचं मले रोज भेव वाटे. बाईसाहेबाचा डबा हातात असला, का थोडं कमी वाटे. तिले कधी सांगितलं नाही गा. तू बी सांगू नको.” टोपी पुसून झाली होती, तरी त्या पुसतच होत्या. “डोकं दुखे मले. पण दुसऱ्या दिवशी मीच आधी टोपी घालून बसे.”

पुष्पा रडत होती. भैय्याजींना जाळ्याचा काहीतरी त्रास होत असावा, ते पुन्हा पुन्हा डोळे पुसत होते.

घरातल्या छोट्या दारातून बुटांचा आवाज आला. गोपाळराव आले. कोटाची बटणं लावलेली, हातात संत्र्याची बशी. उघड्या दारांतून आलेल्या उन्हानं त्यांचे डोळे किलकिले झाले. त्यांनी सगळ्यांकडे सौजन्यानं पाहिलं, मुलाकडे, सुनेकडे, खऱ्या नत्थूकडे, आणि मग कौसल्याबाईंच्या हातातल्या टोपीवर त्यांची नजर थांबली.

“काय नत्थू,” ते कौसल्याबाईंना म्हणाले, “निघायचं ना? उशीर झाला.”

“दादा,” मारोतराव पुढे झाले, “दादा, ती आई आहे.”

गोपाळराव गोंधळले. मग परक्या घरी चूक झाल्यावर सभ्य माणूस करतो, तसे हात जोडून वाकले.

“माफ करा हं, बाई. ओळख नव्हती.”

कौसल्याबाईंनी कमरेला खोचलेली गाडीची दुसरी किल्ली काढली आणि टोपीसकट खऱ्या नत्थूच्या हातात ठेवली.

“आज खरोखरचं ने गा त्याइले. फाटकापर्यंत. मी मागं बसतो त्यांच्यापाशी.”

नत्थूजीनं टोपी घातली आणि गाडीचं मागचं दार उघडून धरलं. गोपाळराव ऐटीत आत बसले. मारोतराव मात्र आईसमोरून हलेनात. तोंड उघडायचे आणि मिटायचे.

“बोल ना रे मारोती,” कौसल्याबाई म्हणाल्या, “किती दिवस लपवशीन? मीच सांगतो. यांले आता मी कोण, ते समजत नाही.”